दोन दांड्यांचे विमान

विमानाचा प्रवास ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सकाळी मुंबईहून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाच्या आत हैदराबादेस आपल्या कामाला लागतो. आणि वाटेत काय पाहिले असे त्यास विचारले, तर थोडे ढग आणि पुढील आसनाची पाठ ह्यांपलीकडे त्याला फारसे सांगता येत नाही. प्रवासी आणि वैमानिक ह्यांच्यामध्ये एक बंद दार असते. त्या दाराआड कोणती विद्या चालली आहे, ह्याची प्रवाशाला कल्पना नसते आणि बहुधा जिज्ञासाही नसते.

ह्याहून अगदी निराळा असा एक विमानप्रवास आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ह्या देशांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, सैन्यातील वैमानिकांना शिकविण्यासाठी बांधलेली काही जुनी विमाने आजही उडत्या स्थितीत राखलेली आहेत. ठरावीक शुल्क भरणाऱ्या सामान्य नागरिकाला त्यांतून अर्ध्या-पाऊण तासाची फेरी घडविली जाते. ह्या विमानांत लोकांच्या विशेष प्रीतीस उतरले आहे ते ‘टायगर मॉथ’. वरवर पाहता ही हौशी लोकांची चैन वाटेल. परंतु ज्या आसनावर हा प्रवासी बसतो, त्या आसनाचा हैदराबाद नगरीशी जुना संबंध आहे. महायुद्धाच्या वर्षांत बेगमपेठच्या मैदानावरून अनेक तरुणांनी पहिल्यांदा भूमी सोडली ती ह्याच विमानातून. त्या दिवशी तेही एका अर्थाने प्रवासीच होते.

टायगर मॉथचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी इंग्लंडमध्ये झाले. डी हॅविलंड कंपनीचे हे दुपंखी विमान; म्हणजे पंखांची एक जोडी वर आणि एक खाली. पंखांचा सांगाडा लाकडाचा, धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, आणि बहुतेक सर्व अंगावर ताणून बसविलेले व रोगण चढविलेले कापड. इंजिन १३० अश्वशक्तीचे. पुढे आठ हजारांहून अधिक संख्येने बांधल्या गेलेल्या ह्या विमानाच्या मूळ रचनेत चाकांना ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारी एक पट्टी आहे. वैमानिकाच्या डोक्यावर छत नाही. इंधनाची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी असून तीत किती इंधन उरले आहे हे टाकीवरील काचेच्या नळीत वरखाली होणाऱ्या खुणेवरून पाहावयाचे. एवढ्या साध्या साधनांवर अर्ध्या जगातील हवाई दलांनी आपल्या वैमानिकांना ओनामा शिकविला.

अशा विमानातून आज फेरी मारावयास जाणारा मनुष्य प्रथम चामड्याची कानटोपी आणि डोळ्यांवर मोठा चष्मा चढवितो. खालच्या पंखावर पाय ठेवण्यासाठी एक अरुंद पट्टा आखलेला असतो. पाय त्याच्या बाहेर पडला, तर कापड फाटते. पट्ट्यावरून चढून तो बहुधा पुढच्या खोबणीत उतरतो आणि खांद्यांवरून व मांड्यांवरून येणाऱ्या चार पट्ट्यांनी त्याला आसनाशी घट्ट बांधले जाते. वैमानिक मागे बसतो. पुढे उभा राहिलेला कामगार लाकडी पंखा हाताने फिरवितो. ‘कॉन्टॅक्ट’ अशी आरोळी होते, आणखी एक हिसका बसतो आणि इंजिन खोकत खोकत सुरू होते. चाकांपुढील ठोकळे काढले जातात. विमानाचे नाक वर उचललेले असल्यामुळे समोरचे काही दिसत नाही. म्हणून ते जमिनीवर नागमोडी वळणे घेत चालते, आणि वैमानिक कधी उजवीकडून तर कधी डावीकडून डोके काढून वाट पाहतो. नंतर वाऱ्याकडे तोंड करून ते धावू लागते, शेपटी उचलली जाते, आणि सायकल जशी खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर यावी तसा चाकांचा खडखडाट अचानक थांबतो. त्या क्षणी विमान हवेत गेलेले असते.

परंतु ह्या प्रवाशाला खरा अचंबा वाटतो तो खालचे दृश्य पाहून नव्हे. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक दांडा उभा असतो आणि पायांशी एक आडवी दांडी असते. त्यांस स्पर्श न करण्याविषयी त्याला बजावलेले असते. विमान वळू लागले, की तो दांडा कोणी हात न लावता आपोआप कलतो; विमान सरळ झाले, की पुन्हा मध्यावर येतो. मागील खोबणीत तसाच दुसरा दांडा वैमानिकाच्या हाती असून दोन्ही एकमेकांना जोडलेले असतात. मागच्या माणसाची बुद्धी पुढच्या माणसाच्या डोळ्यांसमोर अशी हालताना दिसते. पुष्कळदा वैमानिक काही वेळ आपला हात काढतो आणि प्रवाशाला दांडा धरावयास सांगतो. घट्ट मुठीने धरले, की विमान हेलकावे खाते. दोन बोटांनी अलगद धरले, तर ते शहाण्या घोड्याप्रमाणे चालते. ही शिकवण पुस्तकातून मिळत नाही.

दोन दांड्यांची ही योजना आज सहज वाटते. तथापि पहिल्या महायुद्धाच्या आरंभी शिकाऊ वैमानिकांचे शिक्षण फार अव्यवस्थित होते. शिक्षक स्वतःच धास्तावलेले असत, आणि विमान धोक्याच्या स्थितीत सापडले तर काय करावे हे शिकविण्याऐवजी त्या स्थितीपासून दूर राहण्यास सांगत. शिकता शिकताच पुष्कळ तरुण प्राणास मुकले. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे ही पद्धत बदलली. शिष्य मुख्य वैमानिकाच्या जागी बसेल. शिक्षक दुसऱ्या जागी, दुसऱ्या दांड्याशी बसेल. आणि विमान मुद्दाम अवघड स्थितीत नेऊन त्यातून ते बाहेर कसे काढावे, हे शिष्याच्याच हातून करवून घेईल, असा त्याचा नियम होता. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू यावे म्हणून एका पोकळ नळीची योजना झाली; तिचे एक टोक बोलणाऱ्याच्या तोंडाशी आणि दुसरे ऐकणाऱ्याच्या कानाशी. तिला ‘गॉस्पोर्ट नळी’ हेच नाव पडले, आणि टायगर मॉथमध्येही गुरुशिष्यांचा संवाद त्याच नळीतून चालत असे.

गॉस्पोर्ट येथे हा पालट होत असतानाच हैदराबादचे नाव विमानविद्येच्या इतिहासात शिरत होते. मात्र ते शिरले दात्याच्या रूपाने. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी दिलेल्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीस ‘डी. एच. ९ ए’ जातीची विमाने मिळाली. ती तुकडी १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये दाखल झाली. तिच्या विमानांवर ‘हैदराबादच्या निजामांची भेट’ अशा आशयाची अक्षरे रंगविलेली होती, आणि तुकडीलाही ‘हैदराबाद’ हे नाव लाभले. त्यांपैकी एक विमान जर्मनांच्या हाती लागले, बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये पोहोचले आणि अखेर लंडनच्या हवाई दल संग्रहालयात येऊन विसावले. दुसऱ्या महायुद्धातही १५२ आणि २५३ ह्या क्रमांकांच्या तुकड्यांना हैदराबादचे नाव जोडले गेले. पैसा दक्षिणेतील रयतेच्या घामाचा होता. परंतु विमानावर नाव हैदराबादचे, आणि दांडा मात्र परक्या हाती, अशी ही स्थिती होती. इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक ह्यांसारखे अगदी मोजके भारतीय तरुण पहिल्या महायुद्धात वैमानिक होऊ शकले. भारतीय हवाई दलाची स्थापना होण्यास १९३२ च्या ८ ऑक्टोबरची वाट पाहावी लागली.

नाव देणे आणि दांडा धरणे ह्यांतील हे अंतर तुटू लागले ते बेगमपेठच्या मैदानावर. १९३० नंतरच्या दशकात हैदराबाद संस्थानात उड्डाणसंघ स्थापन झाला आणि बेगमपेठ येथे विमानतळ उभा राहिला. दुसरे महायुद्ध पेटल्यावर भारतात वैमानिकांची निकड निर्माण झाली, तेव्हा प्राथमिक उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या शाळा बेगमपेठ आणि जोधपूर येथे चालविण्यात आल्या. टायगर मॉथवर धडे गिरवून पार पडलेले छात्र पुढील शिक्षणासाठी अंबाल्यास जात आणि तेथे अधिक शक्तीच्या विमानांवर हात बसवीत. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी ही मुले. त्यांतील कित्येकांनी तोवर मोटारही चालविलेली नसेल.

छात्राचे पहिले उड्डाण हे धड्याचे नसते, ते केवळ हवेचा परिचय करून देण्यासाठी असते. शिक्षक त्याला वर नेतो, फिरवितो, परत आणतो. बेगमपेठहून उठलेल्या विमानातून हुसेनसागराचे पाणी दिसू लागे. उत्तरेकडे सिकंदराबादची छावणी आणि रेल्वेचे रूळ, सभोवार राक्षसांनी रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे, दक्षिणेस मुसी नदी व तिच्या पलीकडे चारमिनार, नैर्ऋत्येस गोवळकोंड्याचा किल्ला. ज्या किल्ल्यापुढे औरंगजेबाच्या फौजा १६८७ मध्ये आठ महिने तळ देऊन बसल्या, तो एका नजरेत मावत असे. दुपारच्या उन्हात तापलेल्या खडकांवरून वर चढणारी हवा ह्या हलक्या विमानाला उसळ्या देते. म्हणून शिकविण्याचे काम शक्यतो भल्या सकाळी उरकावे लागे.

त्यानंतर मात्र प्रवाशाचा विद्यार्थी होत असे. टायगर मॉथच्या शाळेत शिष्य मागे आणि शिक्षक पुढे बसे. आठ-दहा तासांचे शिक्षण झाले, की एके सकाळी शिक्षक खाली उतरे, पुढच्या आसनाच्या मोकळ्या पट्ट्या दांड्यात अडकू नयेत म्हणून नीट बांधून टाकी, आणि विद्यार्थ्याला एकट्याने जावयास सांगे. पुढची जागा रिकामी. दांडा तेथे असेच, आणि तो विद्यार्थ्याच्या हाताबरोबर हालत असे. सावरून घेणारे दुसरे कोणी नसे. ज्या कोणी वैमानिकाचे जीवन पत्करले, त्याच्या आयुष्यात ही सकाळ येऊन गेलेली आहे.

हैदराबादच्या मातीतून आलेल्या वैमानिकांपैकी इद्रिस हसन लतीफ ह्यांचे नाव महाराष्ट्रास परिचित आहे. १९२३ मध्ये हैदराबादेस जन्मलेले लतीफ १९४२ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले, १९७८ ते १९८१ ह्या काळात हवाई दलाचे प्रमुख होते आणि १९८२ ते १९८५ पर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल. निजामाच्या देणगीच्या विमानांवर १९१८ मध्ये ज्या नगरीचे केवळ नाव रंगविले होते, त्या नगरीचा पुत्र साठ वर्षांनी स्वतंत्र देशाच्या हवाई दलाचा अधिपती झाला. बेगमपेठला स्त्रियांचाही वारसा आहे. निजाम सरकार आणि टाटा ह्यांच्या भागीदारीने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजने, इतर कंपन्यांनी नाकारलेल्या प्रेम माथुर ह्यांना वैमानिक म्हणून घेतले. व्यापारी विमान चालविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. ह्या कंपनीची डाकोटा विमानेही मुळात सैन्यासाठी निघालेल्या जातीचीच होती.

दांडा हाती आला, तरी विमान परदेशाचेच होते. ते अंतर तोडण्यात मराठी मुलखातील माणसांचा वाटा मोठा आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांच्या खटपटीने बंगळूर येथे १९४० च्या डिसेंबरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना निघाला. त्या कारखान्यातून १९४१ मध्ये बाहेर पडलेले पहिले विमान ‘हार्लो’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीच होते. त्याचे आराखडे अमेरिकन होते, जोडणी मात्र भारतात झाली. पुढे त्याच कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे ह्यांनी संपूर्ण भारतीय आराखड्याचे शिक्षण-विमान सिद्ध केले. घाटगे ह्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल ह्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले होते. त्यांचे ‘एच. टी. २’ हे विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले. भारतात आराखडा होऊन कारखान्यात मोठ्या संख्येने बांधले गेलेले हे पहिले विमान होय. ते धातूचे आणि एकपंखी होते. आसने एकामागे एक. उत्पादनातील विमानांस इंजिन १५५ अश्वशक्तीचे. टायगर मॉथची जागा त्याने घेतली, दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली आणि घाना देशानेही त्यांतील काही विकत घेतली.

हे विमान घाटगे ह्यांच्या कोल्हापुरापासून दूर, परंतु मराठी बोली ज्यांच्या कानांवर रोज पडते अशा लोकांच्या डोक्यावरून, कित्येक वर्षे उडत राहिले. जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर येथे हवाई दलाची प्राथमिक उड्डाणशाळा होती आणि तेथील छात्र एच. टी. २ वर शिकत. घाटगे ह्यांच्याच नेतृत्वाखाली आकारास आलेले ‘किरण’ हे जेट शिक्षण-विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले आणि पुढे हैदराबादजवळच्या हकीमपेठ येथे कित्येक पिढ्यांना शिकवीत राहिले. किरणमध्ये शिक्षक व शिष्य शेजारीशेजारी बसतात. तेव्हा गुरूच्या हाताकडे शिष्याला मान वळवून पाहता येते. १९९६ मध्ये बिदर येथे स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती ह्याच विमानाच्या सुधारित आवृत्तीवर झाल्या. हैदराबादजवळच्या दुंडिगल येथे १९७१ पासून हवाई दलाची प्रबोधिनी आहे, आणि १८ जून २०१६ रोजी देशातील पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक तेथूनच अधिकारी होऊन बाहेर पडल्या.

ह्या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. शिक्षणाचे विमान साधे असते, पण त्याच्याकडून होणारी मागणी साधी नसते; कारण त्याचा चालक चुकणार हे गृहीत धरूनच ते बांधावे लागते. एच. टी. २ नंतर आलेल्या ‘एच. पी. टी. ३२’ विमानाचे इंजिन हवेतच बंद पडण्याचे प्रकार घडत गेले. त्या विमानाच्या १७ अपघातांत १९ वैमानिकांचे प्राण गेले. ३१ जुलै २००९ रोजी दुंडिगलहून निघालेल्या विमानाच्या अपघातात दोन शिक्षक मरण पावल्यावर त्या जातीची विमाने जमिनीवर उभी करण्यात आली. २०१३ मध्ये त्यांची जागा स्वित्झर्लंडच्या ‘पिलाटस’ विमानांनी घेतली. ४ डिसेंबर २०२३ रोजी त्यांतील एक विमान मेदक जिल्ह्यात कोसळले आणि शिक्षक व छात्र दोघेही गेले. एकाच विमानात, एकमेकांना जोडलेल्या दोन दांड्यांशी बसलेले हे दोघे. शिकविण्याच्या व्यवसायात गुरूने शिष्याच्या चुकीची जोखीम स्वतःच्या देहावर घ्यावी, असे प्रसंग थोडे. उड्डाणशिक्षकाला मात्र ती रोज सकाळी घ्यावी लागते, आणि रात्रीच्या भोजनास त्याविषयी तो बहुधा अवाक्षरही काढत नाही.

एवंच, जुन्या शिक्षण-विमानातून फेरी मारणे ही निव्वळ मौज नव्हे. उघड्या खोबणीत वारा तोंडावर घेत, दुसऱ्याच्या हाताने हालणाऱ्या दांड्याकडे पाहत बसलेल्या नागरिकाला अर्ध्या तासात तीन गोष्टी समजतात. उडणे ही शिकून येणारी विद्या आहे. ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे हातोहात जाते. आणि ती देताना देणारा स्वतः सुरक्षित जागी उभा नसतो. प्रवासी-विमानाच्या बंद दाराआड जे लपलेले असते, ते येथे त्याच्या गुडघ्यांमध्ये उघड दिसते.

बेगमपेठचा विमानतळ २००८ च्या मार्चपर्यंत हैदराबादकरांच्या नित्याच्या प्रवासाचा होता. शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर ती वर्दळ तिकडे गेली. भारतीय हवाई दलाने एक टायगर मॉथ विमान नव्याने सज्ज करून २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडन येथे आकाशात नेले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या दलाला आपले बालपण पुन्हा पाहावयास मिळाले. संग्रहालयात दोरीच्या आड उभे असलेले विमान पाहून मुले नावाची पाटी वाचतात आणि पुढे जातात. तेच विमान हिरवळीवरून उठताना पाहिले, तर घरी आल्यावर ती प्रश्न विचारतात. जुने यंत्र उडते ठेवावयाचे, तर त्याचे लाकूड, कापड आणि इंजिन जाणणारे कारागीर लागतात, ते घडविण्यासाठी पैसा लागतो, आणि दक्षता तर नव्या विमानापेक्षाही अधिक लागते. हा खर्च कोणी करावा, असा प्रश्न निघेल. ज्या नगरीने एके काळी दूरच्या युद्धासाठी विमानांचा ताफाच्या ताफा देऊन टाकला, तिच्या आकाशात आपल्याच लोकांनी आखलेले एक लहानसे दोन दांड्यांचे विमान वर्षातून एखाद्या सकाळी उडावे, आणि त्याच्या दुसऱ्या आसनावर शाळेतील एखादी मुलगी किंवा मुलगा बसलेला असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.